मदत हवी आहे: माऊसच्या हाताला रात्री मुंग्या, बोटं बधीर

नमस्कार. मी देवगड तालुक्यातल्या एका गावात दाखले काढून देण्याचं, ऑनलाइन अर्ज भरण्याचं केंद्र चालवते. वय ३८. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की उत्पन्न, जात, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, नुसती रीघ लागते. पावसात रेंज गेली की राहिलेले अर्ज रात्री घरी लॅपटॉपवर भरते.

दीड महिना झाला, पहाटे ३-३.३० ला उजव्या हाताच्या मुंग्यांनी जाग येते. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधीर. हात झटकला की थोड्या वेळाने बरं वाटतं. करंगळीला मात्र काहीच होत नाही. परवा आडाळ्यावर नारळ खवताना कवड हातातून सुटली, तेव्हा घाबरले.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "वात आसा गो, तेल चोळ." चोळलं. एका डॉक्टरांनी दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या, पण काम काय करता हे विचारलंच नाही. गोळ्या संपल्या, मुंग्या तशाच.

हे कामामुळेच असेल का? कुणाला दाखवू? सीझनमध्ये केंद्र बंद ठेवणं परवडणारं नाही. प्लास्टिकची खुर्ची, जेवणाचं उंच टेबल आणि मनगट दिवसभर टेबलाच्या धारेवर, अशी माझी बैठक आहे.

प्रतिसाद

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. करंगळीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून मीडियन नस जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू तिच्याकडे. करंगळीची नस वेगळी. म्हणून कार्पल टनेलचा, म्हणजे त्या बोगद्यात ही नस दबण्याचा, संशय येतो. झोपेत मनगट मुडपलं की बोगद्यातला दाब वाढतो, त्यामुळे त्रास पहाटे. पण तपासल्याशिवाय नक्की म्हणता येणार नाही. मानेतली नस दबूनही असं होतं.

हाडांच्या किंवा नसांच्या डॉक्टरांना दाखवा, नर्व्ह कंडक्शन तपासणी (नसेतून संदेश नीट जातो का ते बघणारी) लागेल का विचारा. शुगर आणि थायरॉईडही बघा, नुसत्या माऊसला दोष देऊन चालणार नाही. वस्तू हातातून सुटतेय, तेव्हा सीझन संपायची वाट बघू नका. नस फार काळ दबली तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा झिजतो, मग ताकद परत येईलच असं नाही.

तोवर मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधा. खुर्चीवर गोधडीची घडी घालून कोपर टेबलाच्या पातळीला आणा, पाय लोंबले तर खाली पाट ठेवा. धारेवर मनगट टेकायचं बंद. लॅपटॉपवर मान तरी वाकते नाहीतर हात तरी अवघडतात; तो आंब्याच्या रिकाम्या पेटीवर चढवा, वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल इतका, आणि कीबोर्ड-माऊस वेगळे जोडा. दर अर्ध्या तासाने उठा. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० सेकंद बाहेर लांब माडांकडे बघा, स्क्रीनपुढे आपण पापण्या कमी मिटतो.

धागाकर्ती

मनापासून आभार. थायरॉईडची गोळी मी दोन वर्षं घेतेय, पण त्याचा हाताशी संबंध असेल असं वाटलंच नव्हतं. पाट काढलाय. सोमवारी केंद्रावर भावाला बसवून कणकवलीला जाते. ती नसांची तपासणी तिथे होते की कोल्हापूर गाठावं लागेल? कुणी केली असेल तर सांगा.