ड्रॅगन बॉल: अधिकृत कथा नेमकी कोणती मानावी?

मृगनक्षत्र:
कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झेड’ पाहून या मालिकेची गोडी लागली होती. आता मूळ मंगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, ४२ खंड वाचून झाले आहेत. खलनायक गार्लिक ज्युनियरचे पुनरागमन किंवा नायक गोकू आणि त्याचा साथी पिकोलो वाहन परवाना काढायला जातात तो भाग, यांपैकी काहीच मंगात सापडले नाही. शिवाय ‘ड्रॅगन बॉल सुपर’ या पुढच्या मालिकेचा मंगा आणि ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) अनेक ठिकाणी एकमेकांशी जुळत नाहीत. अशा वेळी ‘कॅनन’, म्हणजे अधिकृत कथा, कशाला म्हणावे?

शाईपेन:
मूळ कथेपुरते उत्तर सोपे आहे. अकिरा तोरियामा यांचा मंगा १९८४ ते १९९५ या काळात साप्ताहिकातून प्रसिद्ध होत असतानाच तोएइ ॲनिमेशनची मालिकाही दर आठवड्याला प्रसारित होत होती, त्यामुळे मंगा पुढे सरकेपर्यंत वेळ काढण्यासाठी भरीचे भाग रचावे लागत. आपण उल्लेखिलेले प्रसंग त्यांतलेच आहेत. २००९ च्या ‘काई’ या ‘झेड’च्या नव्याने संपादित आवृत्तीने अशी बरीचशी भर छाटून टाकली. ‘झेड’नंतर आलेल्या ‘जीटी’ या मालिकेचे कथानकही तोएइचे असून तोरियामांनी तिला मूळ कथेची उपकथा म्हटले होते.

अडचण ‘सुपर’पासून सुरू होते. तोरियामांनी कथेचा आराखडा द्यायचा आणि त्यावरून तोएइने ॲनिमे व चित्रकार तोयोतारो यांनी मंगा आपापल्या पद्धतीने फुलवायचा, अशी ती रचना होती. म्हणूनच ॲनिमेतील गोकू सुपर सायन ब्लू या आपल्या शक्तिशाली रूपाला कायोकेन या बळ वाढवणाऱ्या तंत्राची जोड देतो, तर मंगातील गोकू तेच ब्लू रूप परिपूर्ण करतो. माझ्या मते लेखकाचा हात जिथे आहे, ते सारे कॅनन मानावे.

कोकणकडा:
शाईपेन, हा निकष वरवर पटतो, पण बार्डॉकपाशी येऊन तो अडखळतो. गोकूच्या या पित्याची कथा १९९० च्या दूरदर्शन विशेष भागात तोएइने रंगवली. तोरियामांना ती आवडली आणि त्यांनी बार्डॉकला आपल्या मंगात स्थान दिले. म्हणजे बाहेरची भर लेखकाच्याच हाताने आत आली. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच ‘ड्रॅगन बॉल मायनस’ लिहून बार्डॉकला मुलाच्या जिवासाठी धडपडणारा बाप केले, तर मूळ मंगात गोकूचा भाऊ रॅडिट्झ सांगतो की गोकूला पृथ्वीवरील माणसे संपवण्यासाठी पाठवले होते. दोन्ही लेखन तोरियामांचेच. मग आपला निकष कोणाच्या बाजूने कौल देणार?

ब्रोली या दुसऱ्या सायन योद्ध्याचेही तसेच आहे. १९९३ च्या चित्रपटातील ब्रोली मूळ कथेत कुठेच बसत नव्हता. २०१८ मध्ये तोरियामांनी त्याला नव्याने लिहिले आणि तो कथेचा भाग झाला. जुना ब्रोली मात्र बाहेरच राहिला.

शाईपेन:
बार्डॉकचा मुद्दा मान्य आहे, त्यात ‘डायमा’ या नव्या मालिकेचीही भर घाला. सुपर सायन ४ हे रूप मुळात ‘जीटी’चे, पण २०२४ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत गोकू ते वेगळ्या रंगरूपात धारण करतो. कालक्रमाने ‘डायमा’ची कथा ‘सुपर’च्या आधीची असूनही ‘सुपर’मध्ये त्या रूपाचा मागमूस नाही. त्यामुळे एकच सलग अधिकृत यादी करण्याचा हट्ट मी सोडतो. एका कथानकाबद्दल वाद घालताना आपण कोणत्या आवृत्तीबद्दल बोलत आहोत, एवढे आधी ठरवावे.

मृगनक्षत्र:
मग ‘सुपर’ आधी कुठल्या माध्यमातून घ्यावे?

कोकणकडा:
‘टूर्नामेंट ऑफ पॉवर’ या स्पर्धेच्या कथानकापर्यंत ॲनिमे पाहावे, नंतर २०१८ चा ब्रोली चित्रपट आणि मग मंगा. मोरो आणि ग्रानोला यांची कथानके मंगातच प्रथम आली. फक्त ॲनिमेतून थेट मंगाकडे वळताना वर सांगितलेले फरक लक्षात असू द्यावेत.