प्रतिसाद: बी खाणारे कीटक आणि कोरड्या जमिनीतली रानफुले

कोरड्या वर्षात बहुतेक रोपे मरणारच असतात, म्हणून किडींनी खाल्लेल्या बियांचा हिशेब व्यर्थ आहे, हा मुद्दा सरसकट मान्य करता येणार नाही. अमेरिकेतील नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांवर वाढणारे ‘प्लॅट थिसल’ हे सूर्यफुलाच्या कुळातले काटेरी रानफूल (आपल्या उत्कटारीचे दूरचे नातलगच म्हणा) या बाबतीत पाहण्याजोगे आहे. हे झाड काही वर्षे नुसत्या पानांवर काढते, एकदाच फुलते आणि मरते. त्यामुळे त्या एका हंगामातले बी गेले, की भरपाईची संधी उरत नाही. स्वाता लाउडा आणि मार्था पॉटविन या संशोधकांनी काही झाडांवर कीटकनाशक फवारून फुलोऱ्यातल्या अळ्या दूर ठेवल्या, तेव्हा बी तर वाढलेच, पण नवी रोपे आणि पुढे फुलणारी झाडेही वाढली. त्यांचे हे काम 1995 मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यात भर पडली ती माणसाने आणलेल्या ऱ्हायनोसिलस या युरोपीय सोंडकिड्याची. तणासारख्या पसरणाऱ्या परदेशी थिसलवर उपाय म्हणून तो सोडला गेला, आणि 1990 च्या दशकात तो या देशी फुलावरही आढळला. मादी फुलोऱ्याच्या खवल्यांवर अंडी घालून ती चघळलेल्या पाल्याने झाकते. वरून पाहिले तर तपकिरी चामखीळच वाटते. अळी मात्र आत बियांच्या जागीच पोसली जाते. वाळूत पाणी टिकत नसल्याने, गेलेल्या फुलोऱ्याऐवजी नवा काढण्याइतकी ऐपत झाडाकडे क्वचितच असावी, असे मला वाटते.