मदत हवी आहे: ऑफिसात साहेबांचा प्रो-लाइफ प्रचार, मी काय करू?

निंबोणी:
लवकर सांगा प्लीज, सोमवारी परत ऑफिस आहे. आमचे साहेब प्रो-लाइफवाले, म्हणजे गर्भपाताच्या विरोधातले आहेत, असू देत, कोटावर ती इवल्याशा सोनेरी पावलांची पिन लावून फिरतात तीही चालते, पण आता काउंटरवर एक वाडगा आणून ठेवलाय, त्यात अंगठ्याएवढी गुलाबी प्लॅस्टिकची बाळं, शेजारी कार्ड "१२ आठवडे". लायसन्स घ्यायला आलेली माणसं हातात घेऊन बघतात, पोरं खिशात घालतात. आणि वाडगा रिकामा झाला की भरायचा मी. सरकारी ऑफिसात हे चालतं का? तक्रार कुठे करायची?

अण्णा_कोलंबस:
कुठला देश, कुठलं राज्य, कसलं लायसन्स? साहेब म्हणजे मॅनेजर की निवडून आलेला माणूस? काहीच लिहायचं नाही आणि म्हणे लवकर सांगा.

फुकटसल्ला:
अमेरिका असेल तर सरळ हॅच अ‍ॅक्ट लावा. १९३९ चा कायदा आहे, सरकारी माणसाला ऑफिसात राजकारण करता येत नाही. माझा मेव्हणा पोस्टात आहे, तिथे एक जण उमेदवाराच्या नावाची टोपी घालून आला तर त्याला लगेच काढायला लावली.

टी_मीना:
टोपीवर उमेदवाराचं नाव होतं म्हणून. हॅच अ‍ॅक्ट पक्ष आणि उमेदवारांपुरता आहे, एखाद्या विषयावरचं नुसतं मत त्यात येत नाही. शिवाय तो मुख्यतः फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या लोकांना लागतो. निंबोणी, तुम्ही नक्की कुठे आहात?

निंबोणी:
अहो ओहायो!! काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) ऑडिटरचं ऑफिस, मी काउंटरवर कुत्र्यांची लायसन्सं देते. साहेब म्हणजेच ऑडिटर, निवडून आलेले. मला ग्रीन कार्ड आहे, व्हिसाचा काही प्रश्न नाही.

व्हिसा_गुरू:
आय-१४० (ग्रीन कार्डासाठी एम्प्लॉयरने केलेला अर्ज) अप्रूव्ह झालंय का? झालं असेल तर साहेबाशी भांडण्याआधी दुसरा एम्प्लॉयर बघून ठेवा.

निंबोणी:
ग्रीन कार्ड आहे म्हटलं ना.

वसईकर:
मी स्वतः चर्चला जाणारा, प्रो-लाइफ, त्यामुळे आता मला धुवायला या सगळे. निवडून आलेल्या माणसाने ऑफिसात शिरताना आपली मतं बाहेर ठेवायची का? १९६६ ची ज्युलियन बॉन्डची केस बघा. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातल्या निवेदनाला पाठिंबा दिला म्हणून जॉर्जियाच्या सभागृहाने त्याला बसूच दिलं नाही, सुप्रीम कोर्टाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्यावर सगळे टाळ्या वाजवतात आणि प्रो-लाइफ म्हटलं की पोटात दुखतं.

टी_मीना:
बॉन्ड स्वतःच्या तोंडाने बोलला, पगारी कारकुनाला कामाला लावून नाही. पिन त्यांच्या कोटावर आहे, तिला कोणी हात लावत नाहीये, पण काउंटर काउंटीचा आहे आणि भरणारीचा पगारही. ओहायोत नोव्हेंबर २०२३ ला जवळपास ५७ टक्के लोकांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घातला, तेही त्याच काउंटरवर येतात.

वसईकर:
आणि उरलेले ४३ टक्के येत नाहीत?

पुष्पा_मावशी:
आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफीच्या दवाखान्यात बोर्ड असतो की इथे गर्भलिंग निदान होत नाही, सरकारनेच लावायला लावलाय. मग त्या साहेबाचं काय चुकलं गं? बाळं वाचावीत असंच म्हणतोय ना बिचारा.

अण्णा_कोलंबस:
मावशी, तो १९९४ चा लिंगनिदानाचा कायदा, मुली पाडू नयेत म्हणून. गर्भपात आपल्याकडे १९७१ पासून कायदेशीर आहे, २०२१ ला काही प्रकरणांत मुदत २४ आठवड्यांपर्यंत नेली. दोन्ही एकात कालवू नका.

फुकटसल्ला:
२०२५ च्या जुलैत सरकारने पत्रक काढलंय की ऑफिसात धर्माबद्दल बोलता येतं, सहकाऱ्याला पटवायलाही हरकत नाही. म्हणजे साहेब जिंकले, संपला विषय.

टी_मीना:
तेही फेडरल ऑफिसांसाठी, ही काउंटी आहे. तुम्ही दर वेळी भलत्याच दाराची किल्ली आणताय :)
निंबोणी, मी वकील नाही, पण दोन गोष्टी विचारते. साहेब हे देवाधर्माच्या नावाने करतात का, म्हणजे प्रार्थनेला बोलावणं वगैरे? आणि वाडग्याचे पैसे कोणाचे? काउंटीचे असतील तर पब्लिक रेकॉर्ड्सच्या कायद्याखाली बिलं मागता येतात, कोणीही मागू शकतं, तुमचं नावच यायला नको.

निंबोणी:
प्रार्थना नाही. पैसे साहेबांचे स्वतःचे, बायकोने मागवले म्हणे. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाहीये हो, मला फक्त तो वाडगा भरायचा नाही. मैत्रिणीला मी जेवताना म्हटलं की हे मला ओंगळ वाटतं, ते त्यांच्या कानावर गेलंय.

अण्णा_कोलंबस:
हे आधी सांगायचं की!! मुख्य गोष्ट शेवटी. १९८७ ची रँकिन केस शोधा, टेक्सासमधली काउंटीचीच कारकून, रेगनवर गोळीबार झाल्यावर सहकाऱ्याशी बोलताना फार वाईट बोलली, कॉन्स्टेबलने (तिथे तोच ऑफिसचा प्रमुख) काढून टाकलं. सुप्रीम कोर्ट ५-४ ने तिच्या बाजूने गेलं. तुमचं वाक्य त्यापुढे काहीच नाही.

टी_मीना:
पण २००६ च्या गार्सेटी निकालाने नोकरीचा भाग म्हणून बोललेलं किंवा लिहिलेलं त्या संरक्षणातून वगळलंय, तेव्हा जपून. आणि काउंटी प्रॉसिक्यूटरकडे धावत जाऊ नका, तो काउंटीच्या ऑफिसांचाच वकील असतो, म्हणजे तुमच्या साहेबांचाही.

वसईकर:
मत मांडायचा हक्क साहेबांचा, ते मी सोडत नाही. पण वाडगा त्यांनी स्वतः भरावा, यावर मीही मीनाताईंसोबत. आधी तोंडी बोलून बघा, माणूस ऐकेल.

टी_मीना:
तोंडी नको. एक साधी ई-मेल: "हे माझ्या कामात धरलं आहे का, कृपया कळवावे." मत नाही, धर्म नाही, ओंगळ-बिंगळ तर अजिबात नाही.

निंबोणी:
हे जमेल. रविवारी रात्री लिहून ठेवते. त्यावरून काढू तर शकणार नाहीत ना?

अण्णा_कोलंबस:
तुम्ही क्लासिफाइड (नोकरीला सिव्हिल सर्व्हिसचं संरक्षण असलेल्या) की अनक्लासिफाइड? अनक्लासिफाइडला काढायला फारसं कारण लागत नाही. ई-मेल पाठवायच्या आधी नेमणुकीचं पत्र काढून बघा आणि इथे लिहा.

पुष्पा_मावशी:
कुत्र्याला लायसन्स लागतं तिकडे? मांजराला पण का?