घरच्या डीजे प्रॅक्टिसला बारा इंची टॉप कायले? पाच इंची मॉनिटर घ्या, पार्टीला भाड्यानं आणा

मानेवाड्याचा पोट्टा

गणपती जवळ आले की आपल्या नागपुरातल्या पोट्ट्यांचा एकच प्रश्न सुरू होते: "भाऊ, डीजे कंट्रोलर (लॅपटॉपची गाणी मिक्स करायचा बोर्ड) घेतला, आता स्पीकर कोणता घेऊ?" आणि लगेच दहा जण सांगतात, बारा इंची पॉवर्ड टॉप (पार्टीचा मोठा स्पीकर, ॲम्प्लिफायर आतच) घे, जोडी जमत नसेल तर एकच घे, घरीही वाजते अन् बर्थडेलाही. माझं मत उलट आहे: घरी मॉनिटर, म्हणजे जवळून ऐकायचे छोटे स्पीकर, घ्या. पटलं नाही तर भांडा.

आपली खोली असते दहा बाय बाराची. खाली टाइल्स, एका भिंतीला लोखंडी कपाट, खिडकीत कूलर. कंट्रोलरपासून स्पीकर तीन-चार फुटांवर. टॉपचा हॉर्न, म्हणजे भोंगा, बनवलेला असते आवाज लांब फेकायला. तो तीन फुटांवरून कानात टोचते. नॉब पाव भागाच्या वर जातच नाही, आणि गाणं थांबलं की हॉर्नमधून सूं सूं ऐकू येत राहते.

दुसरी गोष्ट, प्रॅक्टिस म्हणजे नेमकं काय करून राहिलो आपण? एका ट्रॅकचा लो, म्हणजे बेसचा भाग, कापून दुसऱ्याचा लो आत घेणे. दोन किक (ड्रमचे धप) एकावर एक चढल्या की चिखल होते, तो चिखल ऐकू आला पाहिजे. किकचा मुख्य जोर ५०-६० हर्ट्झच्या आसपास असते. पाच इंची मॉनिटर तिथपर्यंत बऱ्यापैकी पोचते. यामाहा एचएस५ ची कंपनी ५४ हर्ट्झ सांगते, जेबीएल ३०५पी मार्क टू ची ४३. तीन इंचीवर तो भाग जवळजवळ गायबच.

पॉवरचं म्हणाल तर ३०५पी मध्ये एका स्पीकरला ८२ वॅट आहे, एचएस५ मध्ये ७०. खोलीला पुरून उरते. पार्ट्या वर्षातून किती? चार-पाच. त्या दिवशी भाड्यानं टॉप आणा, वाजवा, परत करा.

सक्करदरा_बेस

भाड्यानं आणा म्हणे! भाऊ, गणपतीत, लग्नसराईत अन् ३१ डिसेंबरला भाड्याचं सामान भेटते का तुले? ज्या दिवशी आपल्याला पाहिजे त्याच दिवशी अख्ख्या नागपूरला पाहिजे असते. साउंडवाला तेव्हा तुझ्या चार हजारांच्या पार्टीसाठी फोन उचलून नाही राहिला.

अन् मॉनिटर पार्टीत काय करते हे मी पाहिलं आहे. हॉलमध्ये वीस माणसं, अर्धे बोलून राहिले, अर्धे नाचून राहिले. सगळा आवाज पहिल्या रांगेच्या पोटातच जिरते. मग पोट्टा गेन (आवाजाची पातळी) वाढवते, लाल लाइट लागते, आवाज फाटते, अन् पार्टी संपेपर्यंत ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) गेला. दहा इंची पॉवर्ड टॉपची जोडी घ्या. घरी हळू वाजवा, पार्टीत मोठ्यानं. एकाच पैशात दोन कामं.

मानेवाड्याचा पोट्टा

"हळू वाजवा" म्हणजे बारीक आवाजात कानाला बेस कमी ऐकू येते, हे माहीत आहे ना? मग पोट्टे टॉपच्या मागचा ईक्यू (बेस-ट्रेबलचा नॉब) फिरवून बेस फुगवतात. त्या फुगवलेल्या बेसवर शिकलेलं मिक्स दुसऱ्याच्या सिस्टिमवर वाजवलं की पितळ उघडं पडते.

महालातला साउंडवाला

दोघंही अर्धं बरोबर बोलून राहिले. माझा धंदाच भाड्यानं साउंड द्यायचा, म्हणून आधीच सांगतो, माझ्या बोलण्यात माझा फायदा शोधू शकता.

आधी वॅटचं. खोक्यावर १३०० वॅट लिहिलेलं पाहून कोणी भुलू नका. जेबीएल ईऑन ७१२ वर १३०० लिहिलं असते, ती पीक, म्हणजे क्षणभराची. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी पॉवर, त्याची बरोबर अर्धी, ६५०. आणि ही तर प्रामाणिक कंपनी झाली. बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) स्वस्तातल्या ट्रॉली स्पीकरवर हजारोंचे आकडे छापलेले असतात, त्याचा आरएमएस विचारा, दुकानदार विषय बदलते.

वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढते. म्हणजे ८२ वॅटच्या ठिकाणी ६५० घेतले, तर नुसत्या पॉवरनं वाढले ९ डेसिबल. खरा फरक पडते तो स्पीकरचा कोन (पुढचा पडदा) किती मोठा अन् स्पीकरची सेन्सिटिव्हिटी किती, यानं. टॉप थोड्या वॅटमध्ये जास्त आवाज काढते, मॉनिटर तसा नसते. म्हणून पार्टीत मॉनिटर लावू नका, यात सक्करदऱ्याचा पोरगा बरोबर. माझ्याकडे ट्विटर उडालेले मॉनिटर घेऊन येणारे पोरं असतातच, बहुतेक पार्टीच्या दुसऱ्या दिवशी.

पण गच्चीचं गणित कोणीच मांडलं नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी. स्पीकरपासून १ मीटरवर १०० असेल तर ४ मीटरवर ८८, ८ मीटरवर ८२. खोलीत भिंती आवाज परत पाठवतात, गच्चीवर परत पाठवायला कोणीच नाही. बेस तर आधी उडून जाते. घरात दणदणणारा दहा इंची टॉप गच्चीवर नेला की मालकाला वाटते बिघडला.

अजून एक, फक्त आपल्या गावासाठी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर. दुपारी चारला गच्चीवर सामान मांडून ठेवता, टॉपची पाठ उन्हाकडे. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा भाग) पाठीवरच असते. संध्याकाळी गाणं रंगात आलं की ॲम्प्लिफायर गरम होऊन स्वतःच बंद पडते, तो खराब नसते. सामान सूर्य बुडाल्यावर चढवा.

बेसा_रोड

तुम्ही सगळे कोणत्या काळात आहात? बॅटरीवाला पार्टी स्पीकर घ्या, विषय संपला. पार्टीबॉक्स ११० सारखा. १६० वॅट, बॅटरी कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १२ तास, लाइट, माइक, सगळं त्यातच. लाइट गेली तरी वाजते. काटोल रोडच्या फार्महाउसवर जनरेटर नको, वायर नको. फोनवरून ब्लूटूथनं जोडला की झालं.

मानेवाड्याचा पोट्टा

@बेसा_रोड, पार्टीला घे ना, कोण नाही म्हणते. ब्लूटूथवर प्रॅक्टिस करून दाखव मात्र. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ बीट) एक बीट साधारण ४७० मिलिसेकंदाचा. ब्लूटूथ दीड-दोनशे मिलिसेकंद सहज खाते. हेडफोन कंट्रोलरला वायरनं लावलेला, त्यात आवाज वेळेवर, अन् खोलीत आवाज एक तृतीयांश बीट उशिरा. कानानं बीट जुळवणार कसा? सिंक बटण (बीट आपोआप जुळवणारं) दाबून बसायचं असेल तर गोष्ट वेगळी.

बेसा_रोड

ऑक्स वायर लावता येते बे त्याला.

मानेवाड्याचा पोट्टा

लावता येते. पण काही मॉडेलांत वायरनं दिलेला आवाजही आतल्या प्रोसेसरमधून फिरून येते, थोडा उशीर होतेच. घ्यायच्या आधी दुकानातच कंट्रोलर अन् हेडफोन लावून पाहा. आणि एका खोक्यात डावं-उजवं काय वेगळं कळणार?

तिसऱ्या मजल्यावरची

मी डीजे नाही. माझ्या खालच्या फ्लॅटमधला मुलगा आहे, म्हणून हे सगळं वाचते आहे.

मुलांनो, तुम्ही बेस बेस करता, तो बेस स्लॅबमधून वर येतो. गाणं कोणतं चालू आहे ते मला कळत नाही, शब्द ऐकू येत नाहीत, फक्त धप धप धप. मांडणीवरच्या स्टीलच्या डब्यांची झाकणं थरथरतात. डब्यावर हात ठेवला की बंद होतात, हात काढला की पुन्हा सुरू. मुलीची बारावी आहे. खाली जाऊन सांगितलं तर तो म्हणाला, "काकू, आवाज तर एकदम कमी आहे." त्याच्या कानाला कमीच असेल.

थोडं वाचून घेतलं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी जागेतल्या साउंडचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त होता कामा नये. आणि गच्ची म्हणजे उघडी जागा, तिथे रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही. हॉल आणि सभागृहांना जी सूट आहे ती बंद जागेला, आतल्यापुरती. आता सांगा, दहा इंची की बारा इंची?

सक्करदरा_बेस

काकू, १४ एप्रिल अन् गणपतीत काय मग? मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा अख्खं शहर वाजत असते.

तिसऱ्या मजल्यावरची

सणाला राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस रात्री १२ पर्यंत परवानगी देऊ शकतं, १५ च्या वर नाही. आणि मारबत माझ्या स्वयंपाकघराच्या खाली रोज संध्याकाळी निघत नाही.

महालातला साउंडवाला

काकूंचं ऐका. बेस हवेतून कमी, इमारतीतून जास्त जाते. त्या पोराला सांगा, मॉनिटर टेबलावर अन् टेबल भिंतीला टेकवून ठेवला असेल तर आधी तो भिंतीपासून हातभर पुढे ओढ. कोपऱ्यात तर अजिबात नको, कोपऱ्यात बेस आपोआप फुगते. स्पीकरखाली जाड फोम. यानं थरथर कमी होईल, धप धप पूर्ण जाणार नाही. रात्री नऊनंतर हेडफोन. कंट्रोलरला क्यू मिक्स असते, दोन्ही ट्रॅक हेडफोनमध्ये घेऊन आख्खा सेट वाजवता येते.

मानेवाड्याचा पोट्टा

बघा, म्हणजे काकूंच्या घराखाली बारा इंची तर सोडाच. माझा मुद्दा अजून पक्का झाला.

सक्करदरा_बेस

तुझाही पक्का नाही झाला राजा. खाली मॉनिटरच असेल, तरी धप धप होऊन राहिली ना? वर फ्लॅट असलेल्यांनी तीन-चार इंची घ्या नाहीतर हेडफोनवर राहा. ज्याचं स्वतःचं घर आहे, आजूबाजूला मोकळं आहे, वाठोड्याकडे, हिंगण्याकडे, त्यानं टॉपच घ्यावा. एका टॉपचं बजेट असेल तर डावा अन् उजवा दोन्ही वायर त्याच्या दोन वेगवेगळ्या चॅनेलमध्ये लावा. बहुतेक टॉपला दोन इनपुट असतात. नुसता डावा लावला तर गाण्यातला अर्धा माल गायब.

शिकाऊ_धरमपेठ

मी पीजीत राहते. एफएलएक्स४ (छोटा डीजे कंट्रोलर) घेतला आहे, बजेट दहा हजार, वर्षभर इथेच. पार्टी नाही, फक्त शिकायचं आहे. काय घेऊ?

मानेवाड्याचा पोट्टा

ताई, अर्धे पैसे चांगल्या बंद कानाच्या हेडफोनवर. उरलेल्यात एडिफायर किंवा प्रिसोनस इरिस साडेतीन इंची अशा छोट्या जोडीतलं काही बसते का पाहा. पायोनियरची डीएम-४०डी बजेट वाढवलं तरच. तिला मागे डीजे अन् प्रॉडक्शन असं स्विच आहे, चार इंची आहे. बेस कमी ऐकू येईल हे धरून चाला. लो बदलताना कानापेक्षा वेव्हफॉर्मवर (स्क्रीनवरच्या आवाजाच्या आलेखावर) लक्ष जास्त ठेवा.

सक्करदरा_बेस

किंवा सेकंडहँड पाहा. कोनावर हलकेच बोट दाबा, घासल्याचा आवाज आला तर कॉइल गेली. मागच्या पोर्टला (हवेच्या भोकाला) नाक लावा, जळका वास आला तर सोडून द्या. नॉब फिरवताना खरखर झाली तर भाव पाडा, ती नुसती धूळही असू शकते.

शिकाऊ_धरमपेठ

छोटी जोडी घेतली, वायर लावली, पण बारीक घूं असा आवाज येतोय. लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद होतो. स्पीकर खराब आला का? आणि एका मैत्रिणीकडे मोठे मॉनिटर आहेत, त्यांना माझी वायर बसतच नाही.

महालातला साउंडवाला

स्पीकर ठीक आहे, ती ग्राउंडची (अर्थिंगची) घूं. चार्जर अन् स्पीकर वेगवेगळ्या बोर्डात असतील तर दोन्ही एकाच एक्स्टेंशनवर घे. तरी राहिली तर ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून छोटी डबी येते, कंट्रोलर अन् स्पीकरच्या मध्ये लाव. कोणी म्हणेल चार्जरची तिसरी पिन तोड, तर त्याचं ऐकू नको. शॉक लागते. जुन्या घरांत अर्थिंगच नसते कधी कधी, पीजीवाल्यांना इलेक्ट्रिशियन बोलवून टेस्टर लावायला सांग.

वायरचं असं. एफएलएक्स४ मधून मास्टर (मुख्य आवाज) फक्त आरसीएनं (लाल-पांढऱ्या पिनांनी) निघते. मोठ्या मॉनिटरला, ३०५पी असो की एचएस५, आरसीए नसतेच, एक्सएलआर (तीन पिनांचा गोल जोड) अन् मोठा जॅक असते. दुकानात "दोन आरसीए ते दोन पी-३८" असं सांग, पी-३८ म्हणजे तो मोठा जॅक. दोन्ही टोकं वेगवेगळी सुटी पाहिजे. एकाच स्टीरिओ जॅकवाली देतील, ती घेऊ नको. लांबी तीन मीटरच्या आत ठेव.