आईच्या बटणाच्या फोनला बिननेटचं रिचार्ज मिळतं का हो?

कोयनाकाठ

मंडळी एक साधा प्रश्न आहे, हसू नका. आई गावी असते, पाटणच्या वर डोंगरात, वय ७१, तिच्याकडं बटणाचा फोन आहे आणि तिला तोच हवाय. दोनदा स्मार्टफोन देऊन बघितला, पहिला महिनाभरानं तांदळाच्या डब्यात सापडला आणि दुसरा भाचा घेऊन गेला. तर या फोनला मी पुण्यातनं दर २८ दिवसांनी १९९ चं रिचार्ज मारतो, त्यात अनलिमिटेड कॉल आणि २ जीबी नेट. आता ते नेट ती कुठं वापरणार, फोनची स्क्रीन काडेपेटीएवढी.

मागच्या महिन्यात मी कामाच्या गडबडीत विसरलो आणि तीन दिवस तिचा फोन बाहेर लागेना. तिला वाटलं आपल्यालाच बटणं नीट दाबता येईनात, मग वाटलं पोराला राग आलाय म्हणून उचलत नाही. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांच्या फोनवरनं लावून दिला तेव्हा मला कळलं, लई वाईट वाटलं राव.

मग बसून हिशोब केला. २८ दिवसांचा महिना म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज, १९९ गुणिले १३ बरोबर २५८७. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नेट नसलेलं पॅक काढायला लावलंय असं मागं पेपरात वाचल्यासारखं आठवतंय, पण कंपनीच्या ॲपात शोधतो तर ५जी, क्रिकेट, ओटीटी, सगळं आहे, ते सोडून. खरंच आहे का असलं काही? असेल तर कॉल नीट लागतात ना? बँकेचे ओटीपी येतात ना? वडिलांमागची पेन्शन आहे, तो मेसेज याच नंबरवर येतो.

नियमावर_बोट

आहे, नक्की आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने ग्राहक संरक्षणाच्या नियमांत दुरुस्ती केली, त्यात प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएसचं निदान एक तरी व्हाउचर, म्हणजे रिचार्जचं पॅक, ठेवलंच पाहिजे असं आलं. त्याच दुरुस्तीत अशा व्हाउचरची मुदत जास्तीत जास्त ९० दिवस होती ती ३६५ दिवस केली, आणि तुमच्यासाठी खरी कामाची गोष्ट ही दुसरी आहे, नेट असण्या-नसण्यापेक्षा.

जानेवारी २०२५ मध्ये पॅक बाजारात आले. एअरटेलचं ४६९ ला ८४ दिवस आणि १८४९ ला ३६५ दिवस, जिओचं ४४८ ला ८४ दिवस आणि १७४८ ला ३३६ दिवस. हो, ३३६, म्हणजे त्यांच्या २८ दिवसांच्या महिन्याचे बारा महिने, वर्ष नव्हे. हे त्या वेळचे भाव आहेत, मारण्याआधी एकदा बघून घ्या. अनलिमिटेड कॉल सगळ्यांत आहेत. वर्षाच्या पॅकमध्ये ३६०० एसएमएस मिळतात पण ते आपण पाठवायचे, येणाऱ्या मेसेजला पॅकमधलं काही खर्च होत नाही, त्यामुळे ओटीपी आणि पेन्शनचा मेसेज येणारच.

आणि आता कोणीतरी येऊन सांगेल की २० रुपये बॅलन्स ठेवला की झालं. तो नियम खरा आहे, २०१३ पासूनचा आहे, पण तो नंबर जाऊ नये म्हणून आहे. ९० दिवस काहीच वापर नसला तर कंपनी नंबर काढून घेऊ शकते, २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून ३० दिवस वाढवून देते, एवढंच. त्याने आईला फोन लावता येईल असं नाही. दोन्ही गोष्टींची लोक खिचडी करतात.

रिचार्जवाला_वऱ्हाड

भाऊ माझं तालुक्याच्या बसस्टँडजवळ छोटं दुकान आहे, रिचार्ज, झेरॉक्स, कव्हर, सगळं. रोज दहा-बारा म्हातारी माणसं येतात साधा फोन घेऊन, म्हणतात मार बाप्पा दोनशेचं. मी सांगतो, आजी वर्षाचं मारून घ्या, दिवसाला पाच रुपये पडते, हे २८ दिवसाचं सात रुपये पडते. आजी म्हणते अठराशे कुठून आणू? श्रावणबाळचे महिन्याले १५०० येते, त्यात औषध, तेल, नातवाले दहा रुपये. आता सांगा.

माझं म्हणणं असं का नियम चांगला आहे पण अर्धा आहे. ट्राय म्हणे निदान एक पॅक ठेवा, जास्तीत जास्त ३६५ दिवसाचं. एअरटेल-जिओनं काय केलं, ८४ दिवस नाहीतर वर्षभराचंच. बिननेटचं २८-३० दिवसाचं, शंभर-सव्वाशेवालं पॅक काढलंच नाही, आणि ज्याले नेट नको तो बहुतेक महिन्याच्या पैशावर जगणाराच असते. स्वस्त पडते त्याले, ज्याच्याजवळ एकदम द्यायले पैसा आहे. तुम्ही पुण्यातून मारून राहिले तर तुमचं जमते, मारा वर्षाचं, विचार नका करू.

पहिले बरं होतं. कूपन घ्या, नाण्यानं खरवडा, दहाचं टाका, मिस कॉल द्या. इनकमिंग तर फुकटच. सन २०१८ च्या शेवटी ते ३५ रुपयाचं सुरू झालं, का २८ दिवसाले टाकाच म्हणून, तिथून चढत चढत १९९ वर आलं. तेव्हापासून म्हाताऱ्या माणसाचा फोन हा भाड्याचा झाला.

हिशोबी_ठाणे

नियमवाल्या साहेबांनी भाव दिलेत पण त्यातली गंमत नाही सांगितली. एअरटेलचं आधी १९९९ ला वर्षाचं पॅक होतं त्यात २४ जीबी मिळायचे. नियम आल्यावर त्यातलं नेट काढलं आणि किंमत ठेवली १९५९. म्हणजे २४ जीबीची किंमत काय झाली तर ४० रुपये. मग ट्रायने म्हटलं आम्ही हे पॅक तपासणार, त्यानंतर ते १८४९ झालं, म्हणजे दीडशे रुपये. जिओचं पण तसंच, आधी १८९९ ला ३३६ दिवस आणि २४ जीबी होतं, बिननेटचं १७४८, फरक १५१.

हेच नेट तेव्हा तुम्ही सुटं घ्यायला गेलात तर एअरटेलच्या एका दिवसाच्या १ जीबीला २२ रुपये. द्यायचं असतं तेव्हा जीबीला २२ आणि वजा करायचं असतं तेव्हा सव्वासहा. भाजीवाली सुद्धा असं मापात मारत नाही हो.

माझा मुद्दा एवढाच की कोयनाकाठ, तुम्ही नेटचे पैसे देत नव्हतातच. तुम्ही नंबर चालू ठेवायचं भाडं देत होतात आणि त्यावर दोन जीबी म्हणजे दसऱ्याला साडीवर फुकट मिळणारी पिशवी. त्यामुळे "नेट काढलं की स्वस्त" असं समजून जाऊ नका. तुमचे पैसे वाचतात ते लांब मुदतीमुळे. २५८७ चे १८४९, ७३८ वाचले, त्यातले नेट काढल्याचे फक्त दीडशे.

निखिल५जी

सॉरी पण एक वेगळं मत. सगळे कंपन्यांना शिव्या देतायत पण टॉवर काय हवेवर चालतात का, स्पेक्ट्रम, वीज, डिझेल, डोंगरात एक टॉवर उभा करायला आणि टिकवायला काय लागतं बघा. एक माणूस महिन्याला शंभर रुपये देणार आणि दिवसभर अनलिमिटेड बोलणार, कसं परवडेल? दुसरं म्हणजे २जी, म्हणजे जुन्या साध्या फोनचं नेटवर्क, आज ना उद्या बंद होणारच, जिओकडे तर २जी नेटवर्क कधी नव्हतंच. मग आत्ताच काकूंना स्मार्टफोन शिकवला तर व्हिडिओ कॉल होईल, नातवंडं दिसतील, यूपीआय होईल. आपण मोठ्यांना कमी समजतो असं मला वाटतं. माझी आजी ८० ची आहे, रील बघते.

सावंतीण

निखिल बाळा, तुझी आजी रील बघते हे छान आहे, पण तिच्या घरी कोणीतरी आहे जो सांगतो आजी ही लिंक दाबू नको. माझे बाबा सावंतवाडीला एकटे, मी दुबईत. त्यांना स्मार्टफोन दिला होता, सहा महिन्यांत एकाने वीज तोडणार म्हणून फोन करून ॲप टाकायला लावलं, नशीब ओटीपीच्या वेळी चष्मा सापडत नव्हता म्हणून वाचले. त्यानंतर त्यांनी स्वतःच सांगितलं, मला साधा फोन दे. त्याला कमी समजणं नाही म्हणत, त्यांना काय नको ते त्यांना कळतं.

आणि यूपीआयसाठी स्मार्टफोनच लागतो असं नाही, साध्या फोनसाठी १२३पे मार्च २०२२ मध्येच आलंय. बाबा वापरत नाहीत तो भाग वेगळा, ते पोस्टमनशी गप्पा मारायला मिळतात म्हणून पोस्टातच जातात.

मी वर्षाचं मारते, दर गणपतीला. गणपती कधी दहा-अकरा दिवस आधी येतात, कधी अठरा-एकोणीस दिवस उशिरा, त्याचा एकदा फटका बसला, आता तारीख धरते.

टॉवरखालचा

नेटवर्कमध्ये काम करतो, कुठल्या ते सोडा. दोन-तीन गोष्टी कोणी बोललं नाही म्हणून.

एक, फोन २जी आहे का ४जी ते बघा. जुना २जीचा डबा असेल तर त्यात जिओचं सिम चालणारच नाही, स्वस्त दिसलं म्हणून पोर्ट कराल, म्हणजे तोच नंबर जिओकडे न्याल, आणि आईचा फोन मुका होईल. ४जीचा बटणाचा फोन असेल तर कॉल व्होल्टीईवरून, म्हणजे ४जी नेटवर्कवरूनच जातो, तो खरा डेटाच्याच रस्त्याने जातो पण नेटच्या पॅकमधून कापला जात नाही, त्यामुळे बिननेटच्या पॅकवरही कॉल अगदी व्यवस्थित लागतो. बरेच लोक या भीतीने नेटवालं घेत राहतात. आणि काही हजार-बाराशेचे ४जी फोन स्वस्त मिळतात ते एकाच कंपनीच्या सिमला बांधलेले असतात, खोक्यावर वाचून घ्या.

दोन, आणि हे महत्त्वाचं. बटणाच्या फोनला मधलं मोठं बटण असतं, ते चुकून दाबलं की ब्राउझर उघडतो. आत्तापर्यंत २ जीबी होते म्हणून कळलं नसेल. बिननेटचं पॅक असताना मेन बॅलन्समध्ये पैसे असतील तर ते त्यातून सुट्या दराने उडू शकतात. त्यासाठी ट्रायनेच १९२५ नंबर ठेवलाय, त्यावर इंग्रजीत स्टॉप असा एसएमएस टाकला की डेटा बंद. आईच्या फोनवरूनच टाकावा लागेल, पुढच्या खेपेला गावी गेलात की टाका. सेटिंगमध्ये बंद करून ठेवलं तर ते परत चुकून चालू होतं, १९२५ चं मात्र पक्कं.

तीन, निखिलचं अगदीच चूक नाही. डोंगरातला टॉवर खरंच महाग पडतो. पण तो खर्च भागवायला नको असलेली वस्तू गळ्यात मारायची का, हा प्रश्न वेगळा. तीनशे ग्रॅम गूळ पाहिजे त्याला पोतं घ्यायला लावलं तर त्याला दुकानदारी नाही म्हणत.

निखिल५जी

गुळाचं पटलं. स्मार्टफोनचं अजून नाही पटलं, पण सावंतीणताईंशी भांडत नाही.

नियमावर_बोट

@टॉवरखालचा १९२५ चं बरं आठवण केलंत.
@रिचार्जवाला_वऱ्हाड तुमचा मुद्दा बिनतोड आहे. ३० दिवसांचं एक तरी पॅक हवं हा नियम २०२२ चा, पण ते बिननेटचंच हवं असं त्यात कुठे नाही. दोन नियमांच्या मधल्या फटीत तुमची आजी पडलीय. ट्राय असे नियम करण्याआधी मसुदा काढून लोकांची मतं मागवते, कंपन्या पानंच्या पानं लिहून पाठवतात आणि आपल्यासारखे लोक इथे लिहितात. पुढच्या वेळी मसुदा आला की मी इथे टाकतो, तुम्ही दुकानातलं जसंच्या तसं मराठीत लिहून द्या, इंग्रजी मी करतो.

रिचार्जवाला_वऱ्हाड

देतो ना. आजीचा अंगठा पण घेऊन देतो पाहिजे तर.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. शनिवारी गावी जाऊन आलो. फोन २जीच निघाला म्हणून पोर्टच्या भानगडीत पडलो नाही, आहे त्याच कंपनीचं ३६५ दिवसांचं मारलं. ॲपात शेवटपर्यंत सापडलं नाही, गावातल्या दुकानदाराला आकडा सांगितला तेव्हा त्यानं दोन मिनिटांत मारलं, म्हणाला हे मागणारे तुम्ही या महिन्यातले दुसरे. १९२५ ला मेसेज टाकला, टी काढायला आठ नंबरचं बटण दाबायचं हे आठवायलाच पाच मिनिटं गेली. मेन बॅलन्स बघितला तर चौदा रुपये काहीतरी होता, तो तरी वाचला.

आईला सांगितलं आता वर्षभर फोन बंद पडणार नाही. तिनं विचारलं किती दिलेस, मी सांगितलं, मग अर्धा तास बोलणी खाल्ली की एवढ्यात कोंबड्यांचा खुराडा झाला असता. मग संपायची तारीख कुठं लिहायची यावर चर्चा. कालनिर्णयवर लिहूया म्हटलं तर म्हणाली ते डिसेंबरलाच संपतंय, पुढचं अजून आलं कुठं. शेवटी कोळशानं दाराच्या मागं लिहिलीय, गाय कधी व्यायली त्या तारखेच्या खाली.