थकलेली बिले आणि रखडलेले दाखले : राज्याची दुसरी मदत

लहान उद्योगांना आणि सामान्य रहिवाशांना राज्याची काय मदत होते, यावर बोलताना राज्य शासनाची मदत म्हणजे कर्ज आणि अनुदान असाच सूर दिसतो, म्हणून त्यात थोडी भर घालतो. लहान उद्योग बऱ्याचदा भांडवलाअभावी नव्हे, तर मोठ्या ग्राहकाने पैसे थकवल्यामुळे अडचणीत येतात, आणि त्यावरचा उपाय राज्याच्याच हाती दिलेला आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत चुकते करावे लागतात; उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. अशा वसुलीसाठी राज्य शासनाने स्थापन केलेल्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. परिषद आधी तडजोडीचा प्रयत्न करते, तो फसल्यास लवाद होतो, आणि निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. ही शेवटची तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. या संरक्षणासाठी उपयोगी पडणारी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत आहे. ती व्यवहाराआधीच करून ठेवावी, ही कळकळीची विनंती.

सामान्य रहिवाशांसाठी महाराष्ट्रात 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा, म्हणजे शासनाने या कायद्याखाली जाहीर केलेली दाखल्यासारखी सेवा, मुदतीत न मिळाल्यास 30 दिवसांत पहिले अपील करता येते, आणि पुरेशा कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. त्यासाठी अर्जाची पोच मात्र आग्रहाने मागून घ्यावी.