मदत हवी आहे : घरचं मँगो आईस्क्रीम करकरीत होतंय, आम्रखंडाला पाणी सुटतंय (सोलापूर, मे महिना, समजून घ्या)

गच्चीवरची_चटई

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, मुद्देसूद नसेल तर सांभाळून घ्या. पुढच्या रविवारी आमच्या वन्सं हैदराबादहून येतायत, त्यांची पोरं, जाऊबाईंची पोरं, शेजारची आहेतच, मोठी माणसं धरून वीसेक पानं होतील. रात्री गच्चीवर जेवण आणि गोडाचं सगळं घरीच करणार असं मी आधीच जाहीर करून बसलेय, त्यामुळे आता माघार नाही.

तर अडचणी अशा. आईस्क्रीमला मी फुल क्रीम दूध, आमरस, फ्रेश क्रीमचं पाकीट आणि अगदी थोडी साखर (आंबा गोडच असतो म्हणून) मिक्सरला फिरवून डब्यात लावते. सेट होतं, पण चमचा शिरत नाही, खरवडून काढावं लागतं आणि तोंडात कण येतात, चव चांगली असते पण खाताना गोळेवाल्याकडचा बर्फ खाल्ल्यासारखं वाटतं. आत आंब्याच्या फोडी घातल्या की त्या तर दगडच होतात, सासरे म्हणाले दात पडायचा माझा.

आम्रखंडाचं म्हणाल तर चक्का छान घट्ट असतो, आमरस घातला की ढिला पडतो आणि तासाभरात वाटीच्या कडेने पिवळं पाणी. वरून आंबट. रात्रभर पंचा बांधून टांगते नळाला, सगळे तसंच करतात ना?

तिसरं म्हणजे डाळिंबाची जेली करायचीय पोरांसाठी, पण सासूबाईंना जिलेटिन चालणार नाही. आणि गच्चीवर रात्री नऊलासुद्धा गरम वाफा असतात, तिथं जेली टिकेल का तरी? फ्रूट कस्टर्डमध्ये अननस घातला तर चालतो का तेही सांगा. फ्रीज साधा डबल डोअर आहे आणि दुपारी लाईट जाते कधीकधी. सांगा की कोणीतरी नीट.

शेंगापोळी

ताई, तिन्हीचं दुखणं एकच आहे, पाणी. आंब्यात पाणी, दुधात पाणी, चक्क्यात राहिलेलं पाणी. ते आधी घालवा मग बाकीचं.

आईस्क्रीमचं आधी. दूध नुसतं मिक्सरमधून काढून लावलं की त्यातलं पाणी सावकाश गोठतं आणि सावकाश गोठलं की खडे मोठे होतात. दूध निम्मं होईपर्यंत आटवा आणि आमरससुद्धा आटवा, हे कोणी करत नाही पण यातच सगळं आहे. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सारखं हलवत. उलथनं बुडावरून ओढलं की मागे रेघ दिसली पाहिजे आणि ती लगेच भरून नाही आली की गॅस बंद. शेवटी शेवटी पटपट उडतो आणि हातावर बसतो, तेव्हा लांब दांड्याचं उलथनं घ्या आणि वर जाळीचं झाकण धरा. पूर्ण गार झाल्याशिवाय कशातच घालू नका.

आणि साखर कमी करू नका हो. साखर फक्त गोडीसाठी नसते, तिच्यामुळे मिश्रण पूर्ण कडक गोठत नाही. तुम्ही साखर काढली म्हणून चमचा शिरत नाहीये. गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, त्यामुळे गरम असताना जरा जास्तच गोड वाटलं पाहिजे. फोडींचंही तेच, साखरेत तासभर मुरवा, सुटलेल्या रसासकट दोन मिनिटं शिजवा, गार करा आणि मग घाला, दगड होणार नाहीत.

गच्चीवरची_चटई

अय्या, साखरेचं हे डोक्यातच नव्हतं! सासऱ्यांना शुगर आहे म्हणून हात आखडता घेत होते. आणि ते फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी फुगत का नाही ओ? हात दुखून आला नुसता.

शेंगापोळी

फुगणारच नाही ते. फ्रेश क्रीमच्या पाकिटावर बघा, फॅट २५ टक्के लिहिलेली असते. फुगायला ३० च्या वर लागते, ३५ असेल तर उत्तम. व्हिपिंग क्रीम वेगळं मागायचं. त्यातही केकवाले वापरतात ते नॉन डेअरी वेगळं, ते वनस्पती तेलाचं असतं आणि आधीच गोड असतं. फुगतं मस्त, पण टाळ्याला तुपकट थर बसतो, मला नाही आवडत. सासऱ्यांना त्यांच्या वाटणीचं दोन चमचेच द्या, पण नीट झालेलं द्या.

सातरस्ता_ते_पार्क

एवढं आटवाआटवी कशाला, जीएमएस (ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट) आणि सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) या आईस्क्रीममध्ये घालायच्या पावडरी आणा की. आमच्या घरी कित्येक उन्हाळे याच पद्धतीने होतंय. अर्धा लिटर म्हशीचं दूध, त्यातलं कपभर गार बाजूला काढून त्यात एक मोठा चमचा जीएमएस आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर कालवायचं, बाकीचं दूध उकळायला ठेवायचं, सहा मोठे चमचे साखर आणि सीएमसी पाव छोटा चमचा. सीएमसी साखरेत कोरडी मिसळूनच टाका, नुसती टाकलीत तर गाठी होतात आणि मग देव आला तरी फुटत नाहीत. उकळून घट्टसर झालं की गार करून फ्रीजरला सहा सात तास. मग सुरीने तुकडे करून बीटरने फेटायचं, दुप्पट होतं, मोठं पातेलं घ्या नाहीतर ओट्यावर येतं सगळं. त्यात क्रीम आणि आमरस, परत फेटून रात्रभर फ्रीजर. वीस माणसांना असे दोन घाणे पुरतात.

काकूंचा_झारा

दादा, पोरांच्या पोटात केमिकल कशाला घालायला लावताय. आमच्या वेळी लाकडी पॉट होता, बर्फाची लादी फोडून खडेमीठ टाकायचं आणि हँडल मारायचं, बास. त्यात कसली पावडर नव्हती आणि एक कण लागत नव्हता.

सातरस्ता_ते_पार्क

काकू, दोन्ही पावडरी खाण्याच्याच आहेत, विकतच्या आईस्क्रीममध्ये असंच काहीतरी असतं, पाकिटाच्या मागे वाचून बघा. जीएमएस तूप आणि पाणी वेगळं होऊ देत नाही, सीएमसी पाणी धरून ठेवते. पॉटचं मात्र तुमचं खरं आहे. मिठामुळे बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली जातं आणि सारखं ढवळल्यामुळे खडा मोठा व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून पावडर लागत नव्हती. पण आता हँडल कोण मारणार? आमच्यातली पोरं मोबाईल सोडून हँडल धरायची नाहीत.

शेंगापोळी

माझं मत विचाराल तर आटवलेल्या दुधाची चव पावडरीच्या बेसला येत नाही. पण चटईताई, वीस माणसं आणि एक गॅस मोकळा असेल तर सातरस्ता म्हणतायत ते करा आणि आमरस तेवढा आटवून घाला, दोन्हीचं भलं. डबा उथळ घ्या, ॲल्युमिनियमचा मिळाला तर फार छान, लवकर गोठतं. वर झाकणाच्या आत प्लॅस्टिकचा कागद आईस्क्रीमला चिकटेल असा लावा, हवा राहिली की तिथेच बर्फाची साय धरते. फ्रीजर आदल्या रात्रीच फुल्लवर करून ठेवा. आणि लाईट गेली तर दार उघडून बघू नका, आपण सगळे नेमकं तेच करतो. पूर्ण वितळलंच तर परत गोठवायचं नाही, मिल्कशेक म्हणून तिथल्या तिथे पिऊन टाकायचं.

बेदाणा

पंढरपूरहून राम कृष्ण हरी. आम्रखंडावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, घरी आई दर पाडव्याला श्रीखंड करते त्यामुळे बघून बघून पाठ झालंय. चक्का मे महिन्यात बाहेर टांगायचाच नाही. रात्री स्वयंपाकघरात पस्तीस डिग्री असेल तर आंबट होणारच, दही काय झोपलंय का आत. दही लागलं की लगेच, म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात चार तासात लागतंय, ते तसंच सकाळपर्यंत ठेवायचं नाही. फ्रीजमध्ये चाळणी पातेल्यावर, चाळणीत पंचा, त्यात दही, वर ताटली आणि ताटलीवर पाण्याने भरलेला तांब्या. रात्रभरात जेवढं निथळायचं तेवढं निथळतं. दही म्हशीच्या दुधाचं.

मग साखर. साखर घातली की चक्का आणखी पाणी सोडतो हे धरूनच चालायचं. पिठीसाखर चक्क्याच्या पाऊण पट, आंबा आहे म्हणून पाऊण, साध्या श्रीखंडाला आई बरोबरीने घेते. साखर घालून अर्धा तास ठेवून मग पुरणयंत्रातून काढायचं, मिक्सरला लावलंत की पातळ झालंच म्हणून समजा. आणि वर सांगितलाय तो आटवलेला आमरस, एक किलो चक्क्याला एक वाटी, जास्त नाही. डब्यातला विकतचा पल्प घेणार असाल तर त्यात साखर असते आधीच, तेवढी कमी करा. बेदाणे पण घाला हो, आमच्याकडं पिकतात म्हणून म्हणत नाही, आंबट आम्रखंडात फार छान लागतात.

गच्चीवरची_चटई

बेदाणा दादा आईंना नमस्कार सांगा माझा. तांब्याची आयडिया भारी आहे. आंबा कुठला घेऊ? मंडईत केशर, बदामी, लालबाग सगळं दिसतंय, हापूस वीस जणांना परवडायचा नाही.

बेदाणा

आटवायचाच आहे तर केशर. लालबागचा रस पातळ, निम्मा गॅस त्यातच जाईल. फोडींना बैंगनपल्ली मिळाला तर बघा, रेषा नसतात आणि फोड उभी राहते.

डाळिंबबाग_सांगोला

जेलीचं मी सांगते, घरचीच बाग आहे. जिलेटिन जनावराचं असतं, सासूबाईंचं बरोबर आहे, आणि तसंही ते आपल्याकडच्या मे महिन्यात चालत नाही, तिशी पार केली की पाघळायला लागतं. तुम्ही चायना ग्रास आणा, किराणा दुकानात पांढऱ्या दोऱ्यांची जुडी मिळते ती. समुद्री शेवाळाचं असतं, पूर्ण शाकाहारी. आणि त्याची गंमत म्हणजे एकदा सेट झालं की परत वितळायला ८५ डिग्रीच्या आसपास जावं लागतं, म्हणजे तुमची गच्ची कितीही तापली तरी जेली वितळायची नाही. पोरांना गार हवी म्हणून फ्रीज, बाकी नाही.

१० ग्रॅम जुडी बारीक कापून दोन वाट्या पाण्यात अर्धा तास भिजत घाला, मग उकळा, एकसुद्धा दोरा दिसता कामा नये. साखर यातच विरघळवा. गॅस बंद केल्यावर डाळिंबाचा रस घाला, रस कपड्यातून गाळून तीन वाट्या. रस पाण्याबरोबर उकळत बसलात तर आंबटपणामुळे चायना ग्रासची पकड जाते आणि रंगही मळका होतो. पण फ्रीजमधला गारढोण रसही नको, ओतल्या ओतल्या गाठी होतील, बाहेर काढून ठेवलेला घ्या.

रस काढताना मिक्सर नुसता दोनदा तीनदा टिचकी मारल्यासारखा फिरवा. बी फुटली की कडू. भगवा जातीचं घ्या, रंग घालावा लागत नाही. आपल्या सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि लग्नाच्या पंगतीत मात्र लाल रंगाची पाकिटातली जेली, मला रागच येतो. चार दाणे अख्खे टाका वाट्यांमध्ये, जेली जरा धरायला लागली की मग टाका म्हणजे तळाला जात नाहीत.

सातरस्ता_ते_पार्क

अननसाचं राहिलं. न शिजवलेला अननस दुधात घालू नका, त्यातला एक घटक दुधातलं प्रोटीन तोडतो आणि कस्टर्ड कडू होतं. पपई आणि किवीचंही तेच. अननस साखरेच्या पाण्यात पाच मिनिटं उकळून, निथळून, गार करून घाला, मग काही होत नाही. कस्टर्ड अर्ध्या लिटरला दोन मोठे चमचे पावडर आणि फळं वाढायच्या आधी घाला, आधी घालून ठेवलीत की पाणी सुटून पन्हं होतं त्याचं. कलिंगड तर घालूच नका, नव्वद टक्के पाणीच आहे ते, त्याचा रस काडीवर गोठवून पोरांना द्या.

काकूंचा_झारा

एवढं सगळं करण्यापेक्षा हुग्गी (गव्हाची खीर) करा आणि आमरस करा, पाहुणे खूश.

गच्चीवरची_चटई

काकू, सासूबाई पण हेच म्हणतायत 😄 हुग्गी होणारच आहे, ती त्याच करणार, त्यात माझा हात चालत नाही. बाकी ठरलं असं: शुक्रवारी नळाला पाणी येतं त्या दिवशी आमरस आटवणं आणि आईस्क्रीमचा बेस, शनिवारी फेटणं, चक्का, जेली. कस्टर्ड रविवारी. जीएमएस कुठे मिळेल तेवढं सांगा. आणि काकू, तो लाकडी पॉट भाड्याने वगैरे मिळतो का कुठे? पोरांना गच्चीवर हँडल मारायला लावलं तर तेवढीच करमणूक.

सातरस्ता_ते_पार्क

नवी पेठेत केकचं सामान ठेवणाऱ्या दुकानात विचारा, दोन्ही मिळतील. लहान पाकीटच घ्या, सीएमसी वर्षभर संपत नाही.

काकूंचा_झारा

भाड्याने कशाला, माझा माळ्यावर पडलाय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा आणि घेऊन जा. आधी दोन तास पाण्यात बुडवून ठेवा, लाकूड फुगलं नाही तर गळतो. बर्फ चार वाटे तर खडेमीठ एक वाटा. आतला डबा पाऊणच भरायचा. आणि झाकण उघडायच्या आधी वरचं मिठाचं पाणी फडक्यानं स्वच्छ पुसून घ्यायचं, ते पोरांवर सोडायचं नाही, एक थेंब आत गेला की सगळा पॉट खारट.